साडेएकतीस

दार लावलं, कडी घातली,
वरच्या कडीलाही आज हात पोचवला.
बंदरावर लिलाव सुरू होता, म्हणजे घर तासभर माझं.
शिवणाचा टेप आमच्यात नाही.
वाडीत तो एकट्या शमीमकडे,
मागायला गेलं की ती आधी विचारते, कशाला,
मग म्हणते, ये इकडे, मीच घेते.
म्हणून जाळं विणून उरलेला दोरा घेतला.
ओढला तरी तो फारसा वाढत नाही.

भाची रत्नागिरीला नर्सिंग शिकते.
परवा फोनवर म्हणाली, मावशी, तू घालतेस ते तुझं नाहीच.
म्हटलं, मग कुणाचं गं?
हसली, आणि कृती सांगितली,
मी तिला तिसऱ्यांचं सुकं सांगते तशी:
आधी छातीच्या खाली, श्वास सोडून, जरा आवळून.
मग जिथे भरलेली तिथे, सैल, न दाबता.
वजाबाकी कर. जितके इंच तितकी अक्षरं पुढे जा.

छत्तीस.
हा आकडा मला दापोलीच्या दुकानदारानं दिला
लग्नाच्या खरेदीत, काउंटरपलीकडून, एका नजरेत.
एकवीस वर्षं मी तो आडनावासारखा लावला.
मासळी मीही नजरेनंच मापते,
पापलेट पाटीत पडायच्या आधी सांगते किती भरेल.
क्वचित चुकते.
पण मी चुकले म्हणून
पापलेटाच्या खांद्यावर वळ उठत नाहीत.

आरसा हिराजीच्या दाढीच्या उंचीला.
पाटावर उभी राहिले.
खांद्यांवर दोन खाचा, कडेनं घामोळं,
पाठीवर तांबूस पट्टा
आणि हुकांच्या जागी गंजाचे ठिपके.
खाऱ्या हवेत इथे सगळंच गंजतं,
बिजागऱ्या, सायकली, हुक.
आईच्या पाठीवर असेच तीन होते.
मला लहानपणी ते तीळ वाटायचे.

श्वास सोडला. दोरा फिरवला,
मागे आडवा आहे ना ते बोटानं चाचपलं, गाठ मारली.
मग वरून.
इथे हात थांबला.
इतक्या सावकाश मी इथे कधी आलेच नव्हते.
पाजताना घाई, न्हाताना घाई,
आणि दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या गाठ लागते का बघत जा,
तेव्हा नुसती भीती.
आज गाठ होती ती दोऱ्यात.
डावी उजवीपेक्षा जराशी मोठी निघाली.
असू दे. एकाच सुतारानं बांधलेल्या दोन होड्याही
पाण्यात सारख्या बसत नाहीत.

मुलाची फूटपट्टी, कोपरा तुटलेली.
बारा, बारा, साडेसात.
बारा, बारा, बारा आणि वर एक.
साडेएकतीसला बत्तीस धर, असं ती म्हणाली होती.
सदतीसातून बत्तीस गेले, पाच.
ए, बी, सी, डी, आणि पुन्हा एक डी.
बत्तीस डबल डी.
मोठ्यानं म्हणून बघितलं.
एखाद्या बोटीचा नंबर वाटला.

शनिवारी दापोलीला गेले.
त्यानं शिडी लावली, चार खोकी उतरवली, परत चढवली.
"ताई, ह्या मापात येत नाही.
छत्तीस न्या, सगळ्यांना बसतं."
सगळ्यांना!
बाहेर येऊन उसाचा रस प्यायले, उभ्या उभ्या,
आणि भाचीला फोन लावला.

पार्सल येईल म्हणे आठवड्यात.
घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं शिरली पाहिजेत, जास्त नकोत.
हे तिनं दोनदा समजावलं.
जाळ्याचा आस आम्ही जन्मभर बोटांनीच बघतो,
पण ऐकून घेतलं.

तोवर जुनंच चाललंय.
दोरा कपाटामागच्या खिळ्याला अडकवला होता.
काल हिराजीनं तो काढला,
सुकटीच्या पिशवीचं तोंड बांधलं,
म्हणाला, दोरा चांगलाय, अजून आहे का?
गाठी त्यानं सोडवल्या नाहीत.
पिशवी वाशाला टांगलीय.
जेवताना माझं लक्ष वर जातं.
अलीकडची साडेएकतीस,
पलीकडची सदतीस.